पुस्तक बदललं, मागची बाकी तशीच: आपल्या गणित-विज्ञानाच्या पन्नास वर्षांचा हिशोब



पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा आणि शुक्रवारी सकाळी चहा घेऊन निवांत वाचा.

दरवर्षी मार्च जवळ आला की आपल्यात तोच प्रश्न फिरायला लागतो. मुलगी सातवीतून आठवीत चालली, गणितात मार्क घसरलेत, सीबीएसई सोडून ब्रिटिश अभ्यासक्रमाला घालू का? की अमेरिकन बरा? की आईनं मुलांना घेऊन पुण्याला परत जावं आणि बाबांनी इथे एकट्यानं राहावं? इथे हुफूफमध्ये शाळांचे पर्याय मोजके, त्यामुळे चौकशी पार दम्माम-खोबरपर्यंत जाते. मी पेशानं सीए, त्यामुळे या चौकशांचे एक्सेलचे तक्ते माझ्याकडे येतात. फी, बसभाडं, घरभाडं, विमानाची तिकिटं, सगळे रकाने भरलेले असतात. एकच रकाना रिकामा असतो: अभ्यासक्रम बदलला की मुलाचं गणित-विज्ञान सुधारतं, याला आधार काय?

हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा पडलेला नाही. महाराष्ट्रानं तो पन्नास वर्षांपूर्वी अख्ख्या राज्यासाठी सोडवायला घेतला होता. ज्या देशात आपण राहतो, त्यानंही तो घेतला. दोघांचा हिशोब पाहण्यासारखा आहे. आपले निर्णय लाखांचे असतात, आणि कधी कधी त्यात कुटुंबाची दोन घरं होतात.

एकाच वर्षी दोन मॅट्रिक

तुमच्या आई-बाबांना फोनवर विचारा, 'तुमची अकरावी मॅट्रिक की दहावी?' जुनी मंडळी लगेच बॅच सांगतील. १९७५ साली महाराष्ट्रात जुन्या अकरावी मॅट्रिकची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. त्या दहावीवाल्यांनी १९७७ साली पहिली बारावी दिली.

यामागे होता कोठारी आयोग. १९६४ साली नेमलेला, १९६६ साली अहवाल दिलेला. अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी आणि सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक, ज्यांनी गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं केलं. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध याच अहवालातला. पण माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी शिफारस वेगळी होती: पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. जुन्या पद्धतीत हायस्कुलातच विषयांच्या वाटा फुटायच्या आणि अनेक मुली गणित सोडून गृहशास्त्रासारख्या विषयांकडे जायच्या. कुणी ढकलायचं, कुणी आपणहून जायचं. नव्या रचनेत ती वाट बंद झाली.

इथे मी जरा थांबते, कारण या निर्णयाची मी लाभार्थी आहे. माझ्यासारख्या हजारो मुलींना 'तुला गणित कशाला?' असं म्हणायची सोय घरच्यांकडे उरली नाही. आज आपल्या पिढीत इतक्या बायका इंजिनिअर, सीए, डॉक्टर दिसतात, त्यात या सक्तीचा वाटा आहे. म्हणजे अभ्यासक्रमातल्या सुधारणेनं काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हे अभ्यासक्रमच ठरवतो.

प्रश्न पुढचा आहे. आत आल्यावर मुलांना काय येतं?

त्याच काळात पुस्तकंही बदलली. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, सुरू झाली. तिकडे १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेनं घाबरून शाळेचं गणित नव्यानं लिहायला घेतलं होतं. संच, उपसंच, छेद, संयोग अशी 'नव्या गणिता'ची ती लाट आपल्याकडेही आली. अमेरिकेत १९७३ सालीच मॉरिस क्लाइन या गणितज्ञानं, मुलांना साधी बेरीज का येत नाही असा सवाल करणारं पुस्तक लिहून या प्रयोगाची साल काढली. आपल्याकडे मात्र संच ठाण मांडून बसले. २०१७ च्या नववीच्या पुस्तकातही गणिताच्या पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण संच हेच आहे. संच वाईट असं माझं म्हणणं नाही. पण ज्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक जमत नव्हते, त्याला नव्या पुस्तकानं काय दिलं? तो जुन्या पुस्तकात अडला असता, आता नव्यात अडला.

नाना चौकातली शाळा

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. आज त्याची मानखुर्दला छान इमारत आहे, ऑलिंपियाडच्या निमित्तानं तुमच्यापैकी काहींची मुलं तिथे जाऊनही आली असतील. सुरुवात मात्र ग्रँट रोडजवळ नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत झाली. केंद्राची धुरा वि. गो. कुलकर्णी यांच्याकडे होती. ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ.

या मंडळींनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या ग्रामीण शाळांत काम केलं, मुंबईत महापालिकेच्या शाळांत केलं. त्यांनी एक वेगळी अट स्वतःवर घालून घेतली होती. अभ्यासक्रम तोच, पुस्तक तेच, बोर्डाची परीक्षा तीच. या चौकटीत राहून मुलाला जास्त कसं येईल, ते बघायचं. मग त्यांनी शोधायला घेतलं की मूल नेमकं कुठे अडतं.

पहिली गोष्ट सापडली ती भाषा. मराठी माध्यमाच्या मुलांना मराठी पुस्तक कळत नव्हतं! वाक्यं लांबलचक, शब्द संस्कृतातून घडवलेले, रचना कर्मणी. घरी 'जड-हलकं' म्हणणाऱ्या मुलासमोर एकदम 'घनता' येऊन उभी राहायची. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषा सोपी करून शिकवून पाहिलं, आणि मुलांना विज्ञान जास्त कळलं, ती वर्गात बोलायला लागली. मूल मठ्ठ नव्हतं, वाक्य अवघड होतं.

दुसरी गोष्ट सापडली ती मागची बाकी. आम्ही वर्षअखेरीस जी शिल्लक काढतो, तीच पुढच्या वर्षीची आरंभीची शिल्लक होते. गेल्या वर्षीची चूक दुरुस्त केली नाही तर नवं खतावणीचं पुस्तक कितीही सुबक असो, ती चूक पहिल्याच पानावर येऊन बसते. मुलांचंही तसंच. आठवीतल्या मुलाला 'चल' आणि 'समीकरण' जमत नाही असं दिसतं, पण खोदून पाहिलं तर अपूर्णांक, गुणोत्तर, दशांश चिन्ह यांत खड्डा निघतो.

१९८० पासून केंद्रानं महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत असाच एक प्रकल्प केला. आठवीत मुलं घेतली, दहावीपर्यंत साथ दिली. कुठे अडतंय ते शोधलं, तिथपर्यंत मागे गेले, तेवढं पक्कं केलं, आणि मग पुढे आले. मुलांचे दहावीचे निकाल त्यांच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे वर गेले. कुलकर्णी आणि आगरकर यांनी १९८५ साली हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. बोर्ड बदललं नाही, शाळा बदलली नाही, पुस्तक बदललं नाही.

असाच पुरावा मुंबईनं पुढे आणखी एकदा दिला. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच बारावी वगैरे झालेल्या तरुण मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून पायाचं वाचन आणि गणित शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोद्यात याची शास्त्रशुद्ध तुलना केली. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले. इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून मुलाच्या पातळीवरून सुरुवात केली, एवढंच.

होशंगाबाद: परीक्षा बदलली तर

कुणी म्हणेल, मग अभ्यासक्रम बदलण्यात अर्थच नाही का? आहे. त्याचं उत्तम उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात घडलं, आणि त्याची मुळं मुंबईत आहेत. मुंबई महापालिकेच्या शाळांत शास्त्रज्ञ आणि शिक्षकांच्या एका गटानं प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू केलं होतं. त्यातून स्फूर्ती घेऊन १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत प्रयोग सुरू झाला. १९७८ मध्ये तो पूर्ण जिल्ह्यात गेला.

तिथे पुस्तक उत्तरं सांगत नव्हतं, प्रयोग करायला सांगत होतं. साहित्य स्वस्त आणि साधं. पण कळीची गोष्ट म्हणजे त्यांनी परीक्षा बदलली. पुस्तक उघडं ठेवून लिहायचं, आणि हातानं प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला मार्कच नाहीत म्हटल्यावर पाठांतर आपोआप मागे पडतं. शिक्षकांची प्रशिक्षणं आणि मासिक बैठका वर्षानुवर्षं चालू राहिल्या. पुस्तक, परीक्षा आणि शिक्षक तिन्ही एकत्र हलले, म्हणून तो बदल टिकला. तीस वर्षं टिकला. २००२ साली सरकारनं तो बंद केला, तोवर सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला होता.

टक्केवारी म्हणजे येणं नव्हे

आता जवळच्या काळात या. गणितात फार मुलं अडतात म्हणून महाराष्ट्र बोर्डानं मधली काही वर्षं 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय दिला होता. मुलं पास झाली, पण पुढे विज्ञान शाखेत गणित घ्यायची वाट बंद. २०१७-१८ च्या नववीपासून तो पर्याय गेला. ही नवी तुकडी २०१९ साली दहावीला बसली. त्याच वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुणही काढले होते. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. हाहाकार झाला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत दिले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला त्याचे सरासरी गुण मिळाले, आणि निकाल ९५.३० टक्के.

एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं अठरा टक्क्यांनी हुशार झाली का? ऑडिटर म्हणून सांगते, नफा धंद्यातून आला की हिशोबाची पद्धत बदलल्यानं आला, हे पहिल्यांदा बघायचं असतं. २०२४ च्या राज्य आराखड्यात गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण असले तरी, पुढे ते विषय न घेण्याच्या अटीवर, अकरावीला जाऊ देण्याची तरतूद आली तेव्हा पुन्हा वाद पेटला. त्या वादातही बोलणं गुणांच्या रेषेवरच झालं. मूल कुठे अडलं, हे फार कमी जणांनी विचारलं.

आपल्या सीबीएसईवाल्यांसाठी: २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पेपर आहेत. मूळ नियमात बेसिकवाल्याला अकरावीत नेहमीचं गणित घेता येत नाही. मधल्या काही वर्षांत सवलत दिली होती, म्हणून आपल्या वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा. शाळेतून फॉर्म आला आणि 'बेसिकला मार्क जास्त पडतील' म्हणून टिक केली, असं करू नका. कोठारींच्या अहवालानं सक्तीनं उघडलेलं दार आपण एका टिकेनं बंद करतो.

आणि इथे, आपल्या अंगणात

सौदी अरेबियानं २००७ साली 'ततवीर' नावाचा शिक्षण सुधारणेचा मोठा प्रकल्प जाहीर केला, नऊ अब्ज रियालचा. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या मॅकग्रॉ-हिल प्रकाशनाची गणित-विज्ञानाची पुस्तकं अरबीत आणून इथल्या शाळांत लागू करायला सुरुवात झाली. पुस्तकं खरंच देखणी आहेत. चित्रं, प्रयोग, रोजच्या जगण्यातले प्रश्न, सगळं.

आता आकडे. टिम्स ही आंतरराष्ट्रीय चाचणी आठवीच्या मुलांची गणित-विज्ञानाची परीक्षा घेते, मोजपट्टीचा मध्यबिंदू ५००. सौदीचे गणिताचे गुण २०११ साली ३९४, २०१५ साली ३६८, २०१९ साली पुन्हा ३९४. विज्ञानाचे ४३६, मग ३९६, मग ४३१. आठ वर्षांत खाली जाऊन जवळजवळ तिथेच परत. यात इथल्या मुलांना किंवा शिक्षकांना कमी लेखायचं नाही, इतक्या मोठ्या बदलाला वेळ लागतोच. पण नवं पुस्तक आलं म्हणून गुण आपोआप चढत नाहीत, हे स्वच्छ दिसतं.

आपल्या अल-अहसाच्या खजुराच्या बागांतून फिरताना सिमेंटचे कालवे दिसतात ना? सत्तरीच्या सुरुवातीला फार मोठ्या खर्चानं ते बांधले. कालवे उत्तम होते, पण उपसा वाढला आणि जे झरे आपणहून उसळायचे ते पुढच्या काही दशकांत आटले. मग पंप लावावे लागले. माझ्या मते शाळेचं तसंच आहे. कालव्याची चर्चा सगळे करतात, झऱ्याची पातळी कोण मोजतं?

दुसऱ्या बाजूला सिंगापूर बघा. 'सिंगापूर मॅथ' म्हणून ज्या वर्कबुका आपण ऑनलाइन मागवतो, त्या पद्धतीची सुरुवात १९८० च्या दशकात प्राथमिक वर्गांतून झाली. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह. आठवी-नववीत चमत्कार करायचा नाही, तिसरी-चौथीत पाया घालायचा. १९९५ च्या टिम्समध्ये त्यांची आठवीची मुलं गणितात जगात पहिली आली.

मग आपण काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच: शाळा किंवा बोर्ड बदलण्याआधी घरी पंधरा दिवसांचं ऑडिट करा. खर्च शून्य.

पहिलं, पाचवी, सहावी आणि सातवीची गणिताची पुस्तकं काढा. नसतील तर बालभारती आणि एनसीईआरटीची ऑनलाइन फुकट मिळतात. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर-प्रमाण, ऋण संख्या, साधी समीकरणं, प्रत्येकातली दहा गणितं रोज थोडी थोडी सोडवायला द्या. मार्क देऊ नका, रागावू नका. फक्त कुठे हात थांबतो ते एका वहीत लिहा. बहुतेक वेळा खड्डा दोन-तीनच ठिकाणी असतो, आणि तो इयत्तेच्या बराच खाली असतो. तो भरायला सुट्टीतला महिना-दीड महिना पुरतो.

दुसरं, भाषा तपासा. आपल्या मुलांची परिस्थिती नाना चौकातल्या मुलांपेक्षाही गुंतागुंतीची आहे. घरी मराठी, बसमध्ये हिंदी, पुस्तक इंग्रजी, शाळेत वर अरबीचा तास. विज्ञानाचा एक परिच्छेद वाचायला द्या आणि म्हणा, 'हे आजीला व्हिडिओ कॉलवर मराठीत समजावून सांग.' सांगता आलं तर कळलंय. अडखळला तर बघा, विज्ञान अडतंय की इंग्रजी वाक्य? इंग्रजी अडत असेल तर विज्ञानाची शिकवणी लावून पैसे वाया जातील. आणि हो, घरात मराठी बोलल्यानं विज्ञान मागे पडतं ही भीती सोडा. स्वतःच्या भाषेत समजावता येणं ही समजण्याची सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

तिसरं, शाळेचे गेल्या दोन परीक्षांचे पेपर बघा. किती प्रश्न पुस्तकातलेच जसेच्या तसे, किती विचार करायला लावणारे? नव्या शाळेचा विचार करत असाल तर तिथे स्विमिंग पूल बघण्याआधी आठवीचा एक जुना पेपर मागा. मुलं तिथे काय शिकतील ते माहितीपुस्तिकेपेक्षा पेपरवरून जास्त कळतं.

हे सगळं करूनही बोर्ड बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला. दोन वर्षांनी बदली होणार असेल, पुढचं शिक्षण युरोपात ठरलं असेल, शाळेत मुलाचा जीव रमत नसेल, ही सगळी खरी कारणं आहेत. फक्त 'गणित सुधारेल' या एका कारणासाठी घर दोन देशांत वाटू नका. खड्डा सहावीतला असेल तर तो विमानात तुमच्याबरोबरच बसून येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मूल जेव्हा 'मला गणित येतच नाही' असं म्हणतं, तेव्हा ते स्वतःबद्दलचा निकाल सांगत असतं. नाना चौकातल्या मुलांबद्दलही लोक असंच म्हणत होते. तो निकाल चुकीचा होता, हे तीन वर्षांच्या कामानं दाखवलं. आपल्याकडे तर एकच मूल आहे, फार तर दोन, आणि शेजारी बसायला आपण आहोत.

तुम्ही घरी हे करून पाहिलं तर कुठल्या इयत्तेचा, कुठल्या धड्याचा खड्डा निघाला ते खाली नक्की लिहा, मुलांची नावं न लिहिता. चार-पाच घरांचं उत्तर एकच आलं, तर सुट्टीत हुफूफमधल्या आपण सगळ्या मिळून शुक्रवारी दोन तास मुलांना एकत्र बसवू. अपूर्णांक मी घेईन. विज्ञानाला कोण येतंय?